बीड जिल्ह्यातल्या माझ्या गावाची जनगणनेची आकडेवारी कुठे मिळेल? एमएच्या प्रबंधात ती कशी वापरू?

मी याच भागातल्या गावांवर काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 2011 चा 'प्राथमिक जनगणना गोषवारा' (Primary Census Abstract), म्हणजे गावनिहाय लोकसंख्या, साक्षर, कामगार यांचा तक्ता घ्या. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गावपातळीवर आजही हाच ताजा आकडा. जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर तो एक्सेलमध्ये फुकट मिळतो. गाव नावाने शोधू नका. पिंपळगाव, बुद्रुक, खुर्द यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये हमखास गोंधळ होतो. सहा आकडी गाव-कोड एकदा शोधून वहीत लिहून ठेवा. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता हे सगळं जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या 'अ' भागात आहे. तिथे सोय गावात नसेल तर अंतराचं अक्षर दिलेलं असतं: ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे 10 च्या पुढे.

साक्षरतेचं प्रमाण काढताना बहुतेक विद्यार्थी चुकतात. समजा गावाची लोकसंख्या 1,200, त्यात 0 ते 6 वयाची मुलं 180 आणि साक्षर 714. 714 ला 1,200 ने भागलं तर 59.5 टक्के येतात, आणि ते चूक आहे. जनगणना सात वर्षांखालच्या कुणालाच साक्षर धरत नाही, म्हणून भागायचं 1,020 ने. उत्तर 70 टक्के. एवढ्या फरकाने तुमचा निष्कर्षच पालटू शकतो.

दुसरं, जनगणनेतलं 'गाव' म्हणजे महसुली गाव, ग्रामपंचायत नव्हे. गट ग्रामपंचायत (दोन-तीन गावांची मिळून एक) असेल तर दोन-तीन ओळींची बेरीज तुम्हालाच करावी लागेल. उलट तांडा किंवा वस्ती स्वतंत्र महसुली गाव नसेल तर तिची वेगळी ओळ मिळणारच नाही, ती मूळ गावात मिसळलेली असते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो आणि गोषवाऱ्यात फक्त अनुसूचित जाती-जमातींचे रकाने आहेत, त्यामुळे तिथेही तो दिसत नाही. मातृभाषेच्या तक्त्यात (सी-16) मात्र हिंदीच्या गटाखाली बंजारी आणि लमाणी वेगवेगळ्या दिल्या आहेत, तालुक्यापर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका गावात मला मतदारयादीतली नावं जवळपास जनगणनेतल्या एकूण लोकसंख्येइतकीच दिसली. मग लहान मुलं गेली कुठे? दोन दिवस मी बेरजा तपासत बसलो. शेवटी पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "फेब्रुवारीत आमचं अर्धं गाव फडात असतंय." 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन गळीत हंगामात, म्हणजे गावची माणसं ऊस तोडायला बाहेर गेलेली असतात तेव्हा. त्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद घरी होत नाही. तो जिथे असेल तिथे व्हायची. म्हणजे तुमच्या गावचे ऊसतोड कामगार कागदावर सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात असू शकतात. लोकसंख्या, घरांची संख्या, शेतमजुरांचा आकडा, सगळ्यावर याचा परिणाम होतो. प्रबंधात हे स्पष्ट लिहा. जोडीला मुकादमांना, म्हणजे कारखान्यांसाठी ऊसतोड मजूर जमवणाऱ्यांना भेटा. कुणाला उचल (आगाऊ रक्कम) दिली, किती कोयते (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) कुठल्या कारखान्याला गेले, हे त्यांच्या वहीत असतं. तीन मुकादमांच्या वह्या पाहिल्यावर मला त्या गावाची खरी संख्या कळायला लागली.

जुनी तुलना करायची असेल तर 1951 च्या पुस्तिका महाराष्ट्राच्या यादीत शोधू नका. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं आणि इंग्रजीत 'भीर' असं लिहायचे. संकेतस्थळावर सापडलं नाही तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जाऊन बघा.

तुमच्या स्वतःच्या आजोबांचं नाव जुन्या जनगणनेत शोधायचा विचार असेल तर तो सोडा. 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीय आहे.

पुढची गणनाही फेब्रुवारी 2027 मध्येच आहे. तेव्हा तुमच्या गावातून किती कोयते बाहेर आहेत, याची यादी त्याच महिन्यात करून ठेवा. नंतर ती कुठेही मिळणार नाही.