कॉर्डचा स्वर : वादी की न्यास?

गिटार शिकवणाऱ्या एका वाचकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर. मुलांना मराठीतून शिकवताना त्यातल्या स्वराला, ‘कॉर्ड टोन’ला, ‘वादी स्वर’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘सोलो (कॉर्डवर एकट्याने वाजवलेली ओळ) इन्टेन्शनल वाटला पाहिजे’ हे कसं सांगायचं? ‘सोलो मुद्दाम वाजवल्यासारखा वाटू दे’ म्हटलं की मुलं हसतात, असं ते लिहितात.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. त्या स्वरांना सरळ ‘कॉर्डचे स्वर’ म्हणा. त्यांच्यावर येऊन टेकण्याच्या क्रियेला ‘न्यास’ म्हणा. ‘वादी’ला मात्र या कामाला लावू नका. आणि ‘इन्टेन्शनल’साठी ‘नेमका’ हा शब्द वापरून पाहा.

‘वादी’चा मोह होणं साहजिक आहे. महत्त्वाचा स्वर म्हटलं की आपल्याला तोच शब्द आठवतो. वादी, संवादी, अनुवादी, विवादी ही चौकडी नाट्यशास्त्राच्या 28व्या अध्यायाइतकी जुनी आहे, आणि वादी म्हणजे राजा, संवादी म्हणजे प्रधान हे आपण पहिल्या परीक्षेपासून पाठ करत आलो. पण वादी हा रागाचा राजा. भूप रागाचा वादी गंधार, तो पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत गंधारच राहतो. कॉर्ड मात्र दर चार मात्रांनी बदलते, आणि तिच्याबरोबर कोणता स्वर घरचा आणि कोणता पाहुणा हेही बदलतं. दर आवर्तनात चार वेळा गादी सोडणाऱ्याला राजा म्हणता येणार नाही.

हे प्रत्यक्ष ऐकण्यासारखं आहे. पांढरी एकचा सा धरू, म्हणजे सी हा षड्ज. नेहमीच्या चार कॉर्ड घेऊ : सी, ए मायनर, एफ, जी. सीमध्ये सा ग प. ए मायनरमध्ये ध सा ग. एफमध्ये म ध सा. जीमध्ये प नी रे.

माझी भाची याच चार कॉर्डवर सोलो वाजवत होती. तिच्या शिक्षकांनी तिला मेजर पेंटॅटॉनिक शिकवली आहे : सा रे ग प ध. म्हणजे भूपाचेच स्वर. बोटं छान पळत होती, एकही स्वर बाहेरचा नव्हता, तरी ऐकताना काहीतरी निसटत होतं. तिलाही ते कळत होतं. “मामा, सगळे स्वर स्केलमधलेच आहेत, मग चुकतंय कुठे?” मी तिला प्रत्येक कॉर्डला शेवटचा स्वर कोणता वाजतो ते म्हणायला सांगितलं. चारही वेळा ग. बोटांना तिथे थांबायची सवय लागली होती. सीवर तो ग सुरेख बसला, ए मायनरवरही बसला, कारण दोन्ही कॉर्डमध्ये तो आहे. एफवर मात्र तो मध्यमाला खेटून लोंबकळत राहिला, आणि जीवर नुसता बाजूला उभा राहिला. वाईट लागला असं नाही, पण टेकला नाही. आता तिला कुणी ‘वादी स्वरावर थांब’ असं सांगितलं असतं, तर तिने केलं होतं ते अगदी बरोबर ठरलं असतं. भूपाचे स्वर आणि वादी गंधार! शब्दाने तिला चुकीच्या जागी नेऊन सोडलं असतं, आणि शब्दाची निवड करताना मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

याहून ठळक उदाहरण खुद्द षड्जाचं. आपल्या कानाला सा म्हणजे घर. तो अचल, तंबोऱ्यात सतत वाजणारा. आता गिटार हातात घ्या. जी कॉर्ड अशी धरा की पहिलं बोट मोकळं राहील आणि दुसरी तारही मोकळी वाजेल. ती मोकळी दुसरी तार म्हणजे नी. आता त्या तारेच्या पहिल्या पट्टीवर मोकळं बोट ठेवा. तो झाला सा. सगळ्या तारा एकदम छेडा आणि थांबा. घरचा म्हणून ओळखलेला सा इथे अवघडून उभा असतो, कॉर्डमधल्या निषादाला घासत असतो. मग फक्त ते एक बोट उचला. सा खाली नीवर उतरतो आणि सगळं सैल होतं. भाचीने हे पाच-सहा वेळा केलं, काही न बोलता.

इथे जाणकार मारवा रागाची आठवण देतील. मारव्यात सा टाळत टाळत जी हुरहुर उभी राहते तीही अशीच नाही का? मला वाटतं, फरक महत्त्वाचा आहे. मारव्यात सा टाळला जातो म्हणून अस्वस्थ वाटतं, आणि तो आला की हायसं वाटतं. घर तेच असतं, आपण लांब असतो. जी कॉर्डवर सा लागलेला असतो आणि तोच अस्वस्थ करतो, कारण चार मात्रांपुरतं घरच हललेलं असतं. म्हणून रागातल्या स्वरांची मानाची नावं इथे उपयोगी पडत नाहीत.

मग ‘न्यास’ कसा चालतो? तोही रागसंगीतातलाच शब्द आहे, आणि रागाचेही ठरलेले न्यासस्वर असतात, हा आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला. पण वादी हे स्वराचं पद आहे आणि न्यास ही क्रिया आहे. पद दर आवर्तनाला बदलता येत नाही, क्रिया कुठेही करता येते. न्यास म्हणजे नि आणि अस्, खाली ठेवणे. या शब्दाचं गोत पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासातला न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. रुद्राच्या आधी गुरुजी अंगन्यास, करन्यास करतात, तेव्हा मंत्र म्हणत एकेका अवयवाला हात लावतात, जणू मंत्र तिथे ठेवतात. केशविन्यास म्हणजे केसांची ठेवण. संन्यास म्हणजे सगळंच खाली ठेवणं. यात कुठेही श्रेष्ठ-कनिष्ठ नाही, आहे ते फक्त नेमक्या जागी काहीतरी ठेवणं. सोलो वाजवणारा तेच करतो : चाललेली ओळ हलकेच एका स्वरावर ठेवतो.

संगीतातही शब्द जुना आहे. नाट्यशास्त्रात भरताने जातींची, म्हणजे रागांच्या आधीच्या स्वरचौकटींची, दहा लक्षणं सांगितली, त्यात न्यास आणि अपन्यास ही जोडी आहे. गीत जिथे संपतं तो न्यास, मधल्या टप्प्याला जिथे थांबतं तो अपन्यास. आज गाणारे ‘अपन्यास’ फारसं म्हणत नाहीत, सगळ्यालाच न्यास म्हणतात. ‘पंचमावर न्यास केला’, ‘इथे रिषभावर न्यास हवा’ ही वाक्यं कुठल्याही क्लासात ऐकू येतात. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग वाजवले, तिथे न्यास या मूळ अर्थानेच आहे. त्याच वाद्यावर, कॉर्ड बदलत असताना, तोच शब्द ‘या कॉर्डच्या स्वरावर न्यास’ असा वापरला तर ओढाताण होत नाही. ‘एफ आली की धैवतावर न्यास कर’ हे वाक्य मी भाचीला म्हणून पाहिलं, आणि तिला दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही. ‘न्यास’ जड वाटत असेल तर ‘उतर’ किंवा ‘टेक’ म्हणा. ‘धैवतावर उतर’ हेही शंभर नंबरी मराठी आहे.

कॉर्डसाठी नवा संस्कृत शब्द घडवायच्या मात्र मी विरुद्ध आहे. कॉर्ड ही मराठीत स्त्रीलिंगी होऊन स्थिरावली आहे. आपण कॉर्ड धरतो, कॉर्ड देतो, कॉर्ड बदलतो. ज्या शब्दाला क्रियापदं चिकटली तो आपला झाला.

हे दोन शब्दसंग्रह एकाच खोलीत नांदलेही आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात रागातल्या चालीखाली कॉर्ड घालण्याचं काम बरंचसं गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी केलं. सेबास्टियन डिसोझा, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. तिथे प्रश्न उलटा असतो. चाल ठरलेली असते, गाणारी व्यक्ती पंचमावर थांबणार हे ठरलेलं असतं, आणि खाली काय द्यायचं हे अरेंजरच्या हातात असतं. त्या एका प खाली सी दिली तर तो कॉर्डचा (तिच्या मूळ स्वरापासून सप्तकात मोजत गेलं तर) पाचवा स्वर होतो, जी दिली तर मूळ स्वर, ई मायनर दिली तर तिसरा. गळ्यातला स्वर तोच, रंग तीन. सोलो वाजवणाऱ्यासमोर कॉर्ड ठरलेली असते आणि स्वर निवडायचा असतो. जाझवाले यालाच ‘चेंजेस वाजवणं’ म्हणतात. 1939 साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चनची गिटार नुसती ऐका. मागचे सगळे थांबले तरी कॉर्ड कुठे बदलली ते त्याच्या एकट्याच्या ओळीतून कळेल. तो 1942 साली, पंचविशीत गेला. एवढ्या थोड्या काळात त्याने केलेलं काम ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

आता ‘इन्टेन्शनल’. ‘मुद्दाम’ला मुलं हसतात ते बरोबरच आहे. मुद्दाम शब्दाला दोन तोंडं आहेत. ‘तुझ्यासाठी मुद्दाम आणलं’ यात माया आहे, ‘मुद्दाम छळतो’ यात खोडी. सोलोला लावला की खोडीच आधी ऐकू येते. ‘जाणूनबुजून’ तर नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो, जाणूनबुजून कुणी चांगलं काही करत नाही. ‘हेतुपुरस्सर’ सरकारी कागदावरून उठत नाही. ‘जाणीवपूर्वक’ चांगला शब्द, पण तो भूमिकेबद्दल बोलतो, बोटांबद्दल नाही. ‘ठरवून’ जवळ येतो, पण ठरवून वाजवलेला सोलो म्हणजे आपल्याकडे बसवलेला सोलो : घरी घोटून, स्वरन् स्वर पक्का करून आणलेला. इथे तर ओळ त्या क्षणी सुचायला हवी, फक्त ती जाणार कुठे हे आधी माहीत हवं.

म्हणून ‘नेमका’. नेमका शब्द, नेमका घाव, नेमकं बोलणं. नेम धरलेला असतो आणि तो लागतो. वाट कशीही असो, टोक चुकत नाही. शिवाय त्यातून क्रियापद आयतं मिळतं : नेम धर. ‘पुढच्या कॉर्डच्या स्वरावर नेम धर’ यात इंग्रजीतल्या ‘टार्गेट नोट’चा अख्खा धडा आला. उलट अर्थाचे शब्दही आपल्याकडे तयार आहेत. सोलो भरकटतो, बोटं चाचपडतात. भाचीचा सोलो चाचपडत नव्हता, भरकटत होता, आणि या दोन्हींचा इलाज वेगळा आहे. चाचपडणाऱ्याला रियाज हवा, भरकटणाऱ्याला मुक्काम.

‘समेवर येणं’ हा वाक्प्रचार इथे का नको, असंही कुणी विचारील. हवा आहे, पण अर्धाच. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, ती वेळेची असते. तान समेवर आली म्हणजे वेळेवर आली. इथे वेळही गाठायची आहे आणि त्या वेळेला कोणाचं घर उघडं आहे तेही पाहायचं आहे. सम आणि न्यास एका जागी आले की सोलो नेमका लागतो. दोन मुक्कामांच्या मधले स्वर कुठलेही चालतात, अगदी कॉर्डबाहेरचेही. त्यांना ‘जाता जाता लागणारे स्वर’ म्हटलं तरी पुरे.

वर्गात द्यायला एक सोपा पाठ. चार कॉर्डचे फक्त तिसरे स्वर घ्या : सीचा ग, ए मायनरचा सा, एफचा ध, जीचा नी. प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेला तो एकच स्वर वाजवायचा, बाकी तीन मात्रा ऐकायच्या. ग, सा, ध, नी. भाचीने हे आठवडाभर केलं. जीचा नी तिच्या पेंटॅटॉनिकमध्ये नव्हताच, तो तिने स्वतः शोधून घेतला. आता ती मधल्या तीन मात्रांत पुढच्या स्वराकडे जाणारी छोटी ओळ भरते, आणि जी यायच्या आधी अर्धी मात्रा तिचं बोट दुसऱ्या तारेवर जाऊन थांबलेलं असतं.