आजोबा गेले आणि मी डबा उघडला

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची आहे. मराठवाड्यातल्या एका शहरी बेघर निवारा केंद्रात चार वर्षं काळजीवाहक आहे. मागच्या महिन्यात आमचे एक आजोबा पहाटे झोपेतच गेले. पंचनामा झाला, त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मी चादर बदलली, रजिस्टर भरलं आणि डबा उघडून जेवायला बसले. डोळ्यांत पाणी आलंच नाही. हल्ली घरी मुलगा रडला तरी त्याच्यावर खेकसते. बदली माणूस नसल्याने आठवड्यातून दोनदा तरी सोळा तासांची ड्यूटी होते. पगार तीन महिने थकलाय. माझं काळीज दगडाचं झालं का?

उत्तर : आधी सांग, त्या पहाटे तू किती तास जागी होतीस? रात्रभर जागलेल्या शरीराला भूक लागणारच. त्यात काही वावगं नाही गं.

मी पुण्यात अकरा वर्षं हेच काम केलं. आमच्याकडे एक बाबा होते, चपला पिशवीत बांधून उशाला घेऊन झोपायचे. फूटपाथवर त्यांच्या चपला तीनदा चोरीला गेल्या होत्या, ती धास्ती छताखाली येऊनही सुटली नाही. ते गेले तेव्हा मीही रडले नाही. पंधरा दिवसांनी चपलांच्या दुकानासमोर मात्र पाय पुढे पडेना. घरातलं माणूस गेलं की दहावं-तेरावं होतं, शेजारणी पिठलं-भात आणून देतात. आपल्याकडे दुपारीच त्या कॉटवर दुसरं माणूस येतं. मग आम्ही ठरवलं, कुणी गेलं की संध्याकाळी चहाला हॉलमध्ये सगळ्यांनी बसायचं, ज्याला जे आठवेल ते सांगायचं. बाबा हलगी वाजवायचे, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या आजोबांसाठी अजूनही बसा. महिना उलटला म्हणून काय झालं?

ड्यूटीचं वाचून मात्र माझा संताप झाला. निवारे वर्षभर, चोवीस तास उघडे ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. पण ते चोवीस तास एकाच बाईच्या अंगावर टाका, असं कुणी सांगितलेलं नाही. शहरी बेघरांच्या निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तीन काळजीवाहक आणि आठ-आठ तासांच्या पाळ्या आहेत. अनुदान रखडलं की संस्था हात वर करते आणि भरडली जातेस तू. प्रत्येक जादा पाळी वेळेसकट रजिस्टरमध्ये लिही. थकलेला पगार आणि रिकामी जागा, दोन्हींचा अर्ज निवारा व्यवस्थापन समितीकडे दे, पोच घे. एकटीच्या सहीने देऊ नकोस, सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्या असू देत.

मुलावर खेकसतेस, हे मला या थकव्याचंच वाटतं. तरी झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री अडीचला फोन लावला होता. पलीकडच्या मुलीने आधी विचारलं, "जेवलात का?"