'अलगीकरण' की 'विलगीकरण'?

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या एका ग्रामपंचायतीच्या 2020 च्या कोरोनाच्या नोटिशीत 'मुंबईहून येणाऱ्यांनी 14 दिवस अलगीकरणात राहावे' असं आहे आणि पुढच्याच ओळीत 'विलगीकरण मोडल्यास कारवाई होईल'. दोन्ही शब्द समानार्थी मानायचे का?

मुळात दोहोंचा अर्थ एकच, वेगळं करणं. फरक वापरानं पडलाय, पण तो कामाचा आहे. अलगीकरण धडधाकट माणसाचं, म्हणजे बाधिताच्या संपर्कात आलेल्याचं किंवा साथीच्या भागातून आलेल्याचं. रोग अंगात असलाच तर किती दिवसांत दिसेल, त्यावरून मुदत आधीच ठरते. विलगीकरण रोग्याचं. त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्याला 'अलगीकरण कक्षात' हलवलं, हे चूक. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची मुदत 14 वरून 10 दिवसांवर आली तीही अलगीकरणाची. छापून मात्र सर्रास 'विलगीकरण' येई. लोकांनी सरळ 'क्वारंटाईन' म्हटलं आणि भांडण मिटवलं.

नोटिशीत तसं चालत नाही. 1897 च्या साथरोग कायद्याचं कलम 2 राज्य सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि रोगाचा संशय असलेल्यांना वेगळं ठेवण्याचा अधिकार देतं. बंदरातल्या जहाजांसाठी कलम 2अ आहे, ते केंद्राचं. म्हणजे खारेपाटणच्या नाक्यावर एसटी थांबवायची ती राज्याच्या नियमानं, जयगडला लागलेलं जहाज केंद्राच्या. शिक्षा कलम 3 मधून येते: तेव्हा भादंवि (भारतीय दंड विधान) 188, आता भारतीय न्याय संहिता 223. पण त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. ग्रामपंचायतीच्या नुसत्या ठरावावर केलेली 'गावबंदी' तिथे टिकायची नाही. वरच्या नोटिशीवर तर धडधाकट चाकरमानी विचारेल, 'मी रोगी कुठे आहे?' म्हणून वाक्य असं हवं: 'जिल्हाधिकाऱ्यांच्या अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या आदेशानुसार अलगीकरणाची मुदत न पाळल्यास कारवाई होईल.'

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा माकडतापाच्या नोटिशीत मात्र यातला एकही शब्द घालू नका. लेप्टो जनावरांच्या, मुख्यतः उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाणी-चिखलातून होतो, माकडताप गोचिडीपासून. शेजाऱ्याला कोंडून काही साधत नाही. तिथे 'पायाला जखम असल्यास लावणीच्या चिखलात उतरू नये', 'जंगलात जाताना गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल लावावे' एवढं लिहा.