बीटचा लाल रंग (१६२) जीएम असतो का?

तुमच्या मुलीच्या स्ट्रॉबेरी दह्याच्या डब्यावर रंग म्हणून १६२ लिहिलंय, तो बीटचा असतो हे तुम्हाला कळलं, पण अमेरिकेत बीट जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जीन बदललेलं) असतं असं वाचून आता द्यायचं की नाही असा प्रश्न पडलाय. बिनधास्त द्या, गोंधळ फक्त नावाचा आहे. तिकडे जीएम आहे ते शुगर बीट, पांढरं, साखर काढायचं. तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असा जीन त्यात घातलाय, २००८ पासून शेतकऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर लावलं आणि एक-दोन वर्षांतच जवळपास ९५ टक्के शुगर बीट त्याचंच झालं. आपण कोशिंबिरीत किसतो त्या लाल बीटचं जीएम वाण बाजारात नाही.

पण दोन्ही बीट जातीने एकच, परागकण वाऱ्याने उडतात, त्यामुळे संकर होऊ शकतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या विलॅमेट व्हॅलीत शुगर बीटचं बी तयार होतं आणि तिथेच लाल बीट आणि स्विस चार्डचंही (बीटच्याच जातीची पालेभाजी), म्हणून ऑरगॅनिक बियाणेवाले २००८ मध्ये कोर्टात गेले. २०१० ला कोर्टाने जीएम शुगर बीटची मंजुरी रद्द केली, २०१२ ला सरकारने परत दिली. मला त्या बियाणेवाल्यांचं म्हणणं पटतं, कारण एकदा बी मिसळलं की ते वेगळं काढणं सोपं नाही.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि बीट पावडर वापरते, म्हणून सांगते, लेबल वाचायचंच असेल तर पावडरचं वाचा. रस वाळवताना त्यात बरेचदा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पांढरी पावडर) घालतात, ते मक्याचं असू शकतं आणि अमेरिकेतला बहुतेक मका जीएम आहे. म्हणजे बीट साधं पण सोबतचा मका जीएम असं होऊ शकतं. मी विकणाऱ्याला सरळ विचारते, यात नुसतं बीट आहे का. शिवाय आता यीस्टमध्ये जीन घालून हाच रंग बनवायचं कामही चालू आहे, तो बीटमधून येतच नाही, त्यामुळे ते लेबलवर स्पष्ट लिहायला हवं असं मला वाटतं.

केकमध्ये वापरणार असाल तर सोडा बेताने घाला, सोडा जास्त झाला की रंग पिवळट-तपकिरी होतो, माझे सुरुवातीचे दोन केक असेच गेले. ताक किंवा लिंबू घातलं तर थोडा टिकतो, पण ओव्हनच्या उष्णतेत फिका पडतोच. आयसिंगला मात्र ताज्या बीटचा गाळलेला रस चमचाभर घाला, मस्त गुलाबी येतो.