तापकाशिवाय वायू ओळखणारे सच्छिद्र पदार्थ

प्रश्न : विषारी वायू ओळखणाऱ्या सेन्सरमधील तापकाची गरज संपवतील असे सच्छिद्र, पण वीजवाहक पदार्थ तयार झाल्याचे वाचले. इतकी छिद्रे असलेल्या पदार्थातून वीज वाहते कशी? आणि असा सेन्सर लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ विश्वासाने वापरता येईल का?
– एक वाचक

उत्तर : तापक लागतो कशासाठी, हे आधी पाहू. प्रचलित सेन्सरमध्ये बहुधा टिन ऑक्साइडचा थर असतो. हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थराचा विद्युतरोध घटतो. ही अभिक्रिया पुरेशा वेगाने होण्यासाठी थर साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, आणि सेन्सरची बहुतेक वीज त्यातच खर्च होते. जुन्या रचनांत हा खर्च काहीशे मिलिवॉटपर्यंत जातो.

आता सच्छिद्र पदार्थांकडे वळू. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून बनणाऱ्या जाळीदार स्फटिकांना ‘एमओएफ’ म्हणतात. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी काहींच्या एका ग्रॅममध्ये काही हजार चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो. परंतु बहुतेक एमओएफ विद्युतरोधक असतात, त्यामुळे वायू आत शिरला तरी त्याची विद्युत खूण बाहेर मिळत नाही.

ही अडचण दूर झाली ती सपाट सेंद्रिय रेणूंमुळे. ट्रायफेनिलीन या रेणूच्या कडांवर नायट्रोजन किंवा ऑक्सिजन असलेले गट जोडून ते तांबे अथवा निकेल यांच्याशी बांधले, की मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी थर एकावर एक रचले जातात. इलेक्ट्रॉन छिद्रांतून जात नाहीत. ते भोवतालच्या भिंतींतून, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सलग जोडणीतून आणि थराथरांमधून सरकतात. सुमारे दोन नॅनोमीटर रुंदीचे बोगदे वायूसाठी मोकळेच राहतात. वायूचा रेणू भिंतीला बिलगला की तिच्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि प्रवाहही बदलतो, तोही खोलीच्या तापमानाला. अशा थराचा रोध १० किलोओहम असेल आणि त्यावर ०.१ व्होल्ट दाब दिला, तर खर्च होते केवळ एक मायक्रोवॉट.

या क्षेत्रातील मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच रचनेच्या दोन जाळ्यांपैकी तांब्याच्या जाळीने अमोनिया दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी प्रमाणात असताना ओळखला, आणि निकेलच्या जाळीने मात्र त्याला प्रतिसादच दिला नाही. छिद्रांचा आकार तोच, फरक केवळ धातूचा. म्हणजे निवडक्षमता (हवा तोच वायू ओळखण्याची क्षमता) केवळ पृष्ठभाग वाढवून मिळत नाही. ती धातू आणि वायू यांच्यातील रसायनातून घडवावी लागते.

दीर्घकालीन विश्वासाबद्दल मात्र माझे मत सावध आहे. वीज हा आता मोठा अडसर राहिलेला नाही. उलट वाचन नोंदवणारे आणि पाठवणारे परिपथच सेन्सरपेक्षा जास्त वीज घेऊ शकतात. खरी अडचण आर्द्रतेची आहे, कारण पाण्याचे रेणूही त्याच जागांवर बसतात आणि दमट हवेत मूळ वाचनच सरकते. शिवाय तापक नसल्यामुळे चिकटलेला वायू सुटायला वेळ लागतो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू तांब्याशी इतका घट्ट बांधला जाऊ शकतो की थर पूर्ववत होत नाही. या वायूच्या मोठ्या प्रमाणात, सुमारे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास, माणसाची गंधसंवेदनाही बधिर होते; तिथे सेन्सरचे चुकीचे वाचन जिवावर बेतू शकते.

म्हणून वेगवेगळ्या धातूंच्या अनेक जाळ्या एकत्र वापरून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून वायू ओळखण्याची आणि आर्द्रता स्वतंत्रपणे मोजून वाचनात दुरुस्ती करण्याची पद्धत मला अधिक आश्वासक वाटते. ती प्रत्यक्ष वापरात दीर्घकाळ तपासली जाईपर्यंत, जिथे माणसे काम करतात तिथे अशा सेन्सरचा उपयोग प्रमाणित गॅस डिटेक्टरच्या जोडीने करावा, त्याऐवजी करू नये.