‘टॉलरन्स’ला ‘सहनशीलता’ म्हणावं का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: अवयवदानाच्या मराठी पत्रकात ‘इम्यून टॉलरन्स’ला ‘सहनशीलता’ लिहिलंय, आणि थायमस या छातीतल्या ग्रंथीबद्दल ‘टी पेशी या तालमीत तयार होतात’ असं वाक्य टाकलंय. चालेल का?

‘सहनशीलता’ नको. सहन करणाऱ्याला त्रास कळतो, तो गप्प बसतो एवढंच. टॉलरन्समध्ये टी पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या विशिष्ट ऊतीवर उठतच नाहीत, जंतूंशी मात्र नेहमीसारख्या लढतात. परिभाषेत ‘सह्यता’ बरा. पत्रकात सरळ ‘आपलं मानणं’ लिहा.

तालीम म्हटलं की कोल्हापुरात लगेच पटेल, पण तालमीतली पोरं धडधाकट घरी जातात. थायमसमध्ये शिरलेल्या 95 टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच मरतात. आधी बाहेरच्या थरात तपासणी: शरीराचे स्वतःचे एचएलए रेणू, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, टी पेशीला ओळखता येतात का? नाही आले, तर ती संपली. मग गाभ्यात उलटी परीक्षा. तिथल्या पेशी ‘एआयआरई’ या जनुकाच्या जोरावर इन्शुलिनसारखी, एरवी दुसऱ्याच अवयवात बनणारी प्रथिनं मुद्दाम समोर मांडतात. त्यांना घट्ट चिकटणारी पेशी बहुधा मारली जाते. काहींच्या नियामक टी पेशी होतात, ज्या पुढे इतरांना आवरतात.

मेख अशी, की दात्याचे एचएलए या मांडणीत नसतातच. म्हणून रोपण केलेली किडनी परकी ठरते. टॅक्रोलिमससारख्या गोळ्या टी पेशींना दाबून ठेवतात. ही सह्यता नव्हे. पत्रकात दोन्हींची सरमिसळ झाली, की ‘शरीरानं किडनी स्वीकारली’ म्हणून कुणीतरी गोळ्या सोडणार आणि किडनी गमावणार. तिथे वेगळं वाक्य हवंच: गोळ्या ठरल्या वेळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाहीत. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा हेही लिहा, त्यांनी रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते.

खऱ्या सह्यतेचा प्रयत्न अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात 2021 मध्ये झाला. एका बाळाला हृदयासोबत त्याच दात्याची, प्रयोगशाळेत वाढवलेली थायमस ऊतीही दिली. नव्या टी पेशी तिच्यात घडल्या, तर त्यांना ते हृदय परकं वाटू नये, असा हिशेब. हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. पत्रकात उपचार म्हणून छापू नका.

राहता राहिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ हा कोशातला शब्द. वयात आल्यावर थायमस आक्रसते, तिच्यात चरबी भरते, पण पूर्ण लोपत नाही. तेव्हा ‘थायमस’च ठेवा, फक्त ‘छातीच्या मधल्या हाडामागे’ एवढं जोडा. नाहीतर निम्मे लोक थायरॉइड समजून गळा चाचपत बसतील.