‘सही तेवढी करा की वहिनी’

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, झेडपी शाळेत शिक्षिका आहे. मला कुणाला नाही म्हणताच येत नाही. स्टाफमधल्या कुणाची ऑनलाइन माहिती भरायची राहिली की माझ्याकडं, कुणाला लवकर जायचंय की त्यांचा वर्ग माझ्याकडं, आणि पगार चालू आहे म्हणून पतसंस्थेत दोघांना जामीन पण मीच. आता तासगावचे चुलत दीर द्राक्षबागेसाठी सहकारी बँकेतनं कर्ज काढताहेत आणि सासूबाईंनी मला न विचारताच ‘सूनबाई करंल की सही’ असं सांगून टाकलंय. भावजी फॉर्म घेऊन आले, ‘सही तेवढी करा की वहिनी’ म्हणाले, मी चहा ठेवला आणि ‘बघू’ म्हटलं. त्यांनी ते हो धरलंय. रात्री झोप नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ही सही करू नका.

जामीनकीला आपल्याकडं नुसती सही म्हणतात, पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 बघा, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. बँकेनं आधी भावजींकडनं वसूल करावं आणि मगच तुमच्याकडं यावं असं बंधन नसतं. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला की प्रकरण तुमच्या पगारापर्यंत येऊ शकतं. भावजी बुडवतील असं मी म्हणत नाही हो, माणूस सोन्यासारखा असेल, पण ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी लागला की डाऊनी ही बुरशी येते, घड कुजतात आणि वर्षाचा पैसा जातो, त्यात त्यांचा काय दोष आणि तुमचा तरी काय?

आता तुमच्या स्वभावाचं. हो म्हटलं की समोरचा खूश होतो आणि आपल्या पोटातला गोळा तेवढ्यापुरता जातो, ती सुटका इतकी बरी वाटते की पुढच्या वेळी विचार करायच्या आत तोंडातनं हो निघतं, आणि मग रात्री जागरण, दिवसा चिडचिड, ती निघते घरातल्या लेकरांवर. नाही म्हणताना छाती धडधडणारच. ती धडधड थांबायची वाट बघत बसू नका, धडधडत्या छातीनंच बोलायचं असतं, चार-दोन वेळा बोललं की हळूहळू कमी होते.

भावजींना या आठवड्यातच फोन करा. ते तुमच्या भरवशावर बसलेत, उशीर केलात तर त्यांचीच पंचाईत. म्हणायचं एवढंच, ‘भावजी, मी जामीन राहणार नाही. आधीच दोन ठिकाणी आहे, आणखी घेणार नाही. तुम्हाला दुसरं बघायला वेळ मिळावा म्हणून आत्ताच सांगतेय.’ बास. ‘हे नको म्हणतात’ असली कारणं देऊ नका, उद्या ते तुमच्या मालकांना पटवायला दारात येतील. त्यांना वाईट वाटेल, कदाचित दिवाळीला बोलणार पण नाहीत, ते वाईट वाटणं त्यांचं त्यांना सोसू द्या, लगेच समजूत काढायला धावलात की सही झालीच म्हणून समजा. मदत करायचीच असेल तर कागदपत्रं भरून द्या. आणि हे पण सांगा त्यांना, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, तेवढ्यात भागतंय का बघा म्हणावं.

सासूबाईंशी मात्र चारचौघांत नको. दोघीच असताना सांगा, ‘आई, तुमचा शब्द पडला याचं मला वाईट वाटतंय, पण माझ्या पगाराबद्दल शब्द द्यायच्या आधी मला विचारत जा.’ त्या रागावल्या तरी जेवायला वाढताना तुमचं बोलणं नेहमीसारखं राहू द्या. मालकांना आधीच विश्वासात घ्या, नाहीतर ते आईपुढं गप्प बसतील आणि तुम्ही एकट्या पडाल.

शाळेतलं त्यामानानं सोपं, ‘आज माझंच राहिलंय, नाही जमणार’ एवढं पुरतं. सगळं एकदम सोडू नका, आधी ज्या कामाचा सगळ्यात जास्त राग येतो ते सोडा.

आणि आधीच्या दोन जामीनक्या आहेत, त्या मनात आलं म्हणून सुटत नाहीत, कर्ज फिटलं किंवा संस्थेनं बदली जामीनदार मान्य केला तरच सुटतात. पतसंस्थेत जाऊन दोन्ही कर्जांचे उतारे मागा, हप्ते वेळेवर जाताहेत का बघा, थकले असतील तर त्या सहकाऱ्यांना लगेच विचारा, जामीनदार म्हणून तो तुमचा हक्कच आहे.